कडीकोयंडा ते कलम ३४ : गल्लीच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

काम ठरलं. गल्लीतल्या ३८ घरांचे दरवाजे तपासायचे, जिथं कच्चे आहेत तिथं दुरुस्त करून घ्यायचे. घरात चोर शिरला तर कायदा आपल्याला काय करू देतो, हे मराठी आणि तेलुगूत एका कागदावर छापून घरोघर द्यायचं. पावसाळा लागायच्या आत संपवायचा विचार आहे. आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्याहून जास्त घरांत यंत्रमाग नाहीतर विड्या, घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी.

कारण लिहून ठेवते. दिवाळीपासून गल्लीत दोन घरफोड्या झाल्या. दोन्ही घरं बंद होती आणि दोन्हीकडे कडीकोयंडा उचकटलेला. लोक घाबरले होतेच. फेब्रुवारीत मागच्या पेठेत रात्री एक माणूस सापडला. पोरांनी त्याला विजेच्या खांबाला बांधलं आणि तासभर मारलं. माणूस सिव्हिलमध्ये गेला, हात दोन ठिकाणी मोडलेला. चार पोरांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक आमच्या समोरच्या मावशींचा भाचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. मैदानी चाचणीसाठी पहाटे चारला उठून पळायला जायचा. आता चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघणार. मावशी माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वकीलताई, चोराला धरलं ते चुकलं का?"

धरलं ते चुकलं नव्हतं, धरल्यानंतर जे केलं ते चुकलं. हे फेब्रुवारीच्या आधी कुणी त्या पोरांना सांगायला हवं होतं. मी सात वर्षं जिल्हा न्यायालयात उभी राहते आणि याच गल्लीत राहते. सांगायला हवं होतं ते मीच.

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी फॅब्रिकेशनवाल्या मामांना घेऊन पहिली अकरा घरं पाहिली. मामा ग्रिल, चॅनल गेट, शटर सगळं करतात. दुरुस्तीची मजुरी घेणार नाहीत, सामानाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.

कोपऱ्यावरच्या अक्कांचं दार पाहून दोघंही गप्प झालो. दार सागवानी, चांगलं दीड इंच जाडीचं. त्यावर पितळी कुलूप, हाताच्या मुठीएवढं. अक्का म्हणाल्या, "कुलूप बघा, दोंगा तोडूच शकत नाही." तेलुगूत दोंगा म्हणजे चोर. मामांनी कुलपाला हातच लावला नाही. कोयंड्याच्या पट्टीखाली पेचकस घातला आणि मनगट फिरवलं. चार स्क्रू भुग्यासकट बाहेर आले. स्क्रू पाऊण इंचाचे, लाकूड वाळवीनं पोखरलेलं. कुलूप कोयंड्यात तसंच लटकत राहिलं. अक्का एकट्या राहतात, विड्या वळतात. पेटीत बिलवर आणि मंगळसूत्र आहे, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. (हेही कागदावर घालायचं, काय कुठं ठेवलंय ते कुणाला सांगू नका. मलाही नाही.)

अकरापैकी आठ घरांत हाच प्रकार. लोक कुलपावर पाचशे-सातशे रुपये घालतात आणि कोयंडा वीस वर्षांपूर्वी सुतारानं ठोकलेला तसाच. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये "कडीकोयंडा उचकटून" हे दोन शब्द इतके पाठ झालेत, तरी कुणी कोयंड्याकडे बघत नाही.

मामांचा उपाय साधा आहे. स्क्रू काढायचे, त्याच भोकांतून आरपार बोल्ट घालायचे, आतून मोठं वॉशर आणि नट. बोल्टचं डोकं बाहेरून गोल, पाना बसत नाही. पोखरलेल्या लाकडावर आतून सहा इंची लोखंडी पट्टी. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असतील तर खिळा वरून ठोकून निघतो, तिथं वेल्डिंगचा एक टिपका. शक्य त्यानं बाहेरचं कुलूप सोडून दारात बसणारं लॅच घ्यावं. बाहेर लटकणारं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगतं की आत कुणी नाही.

१३ एप्रिल, रविवार

देवळाच्या ओसरीवर पहिली बैठक. उद्या आंबेडकर जयंती, पोरं मिरवणुकीच्या तयारीत असतील म्हणून कुणी येणार नाही असं वाटलं होतं. पण चाळीसेक माणसं आली. बायका जास्त.

लोकांच्या मनात दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, "चोराला हात लावला की केस आपल्यावरच." दुसरी, "रात्री घरात घुसला की मारून टाकला तरी चालतो." एकच माणूस दोन्ही वाक्यं पाच मिनिटांत बोलून गेला. दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींनी माणसं बुडतात. पहिलीवर विसंबलेला आपलं घर वाचवत नाही. दुसरीवर विसंबलेला तुरुंगात जातो.

जे सांगितलं ते इथं लिहिते, कागदाचा मजकूर यातूनच काढायचा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी बचावाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ मध्ये होता. हक्क तोच, १८६० पासूनचा. कलम ३४ एका ओळीचं आहे : खासगी बचावाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध नाही. कलम ३५ सांगतं की हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्याच्या शरीरासाठीही आहे. मालमत्तेसाठीही आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या. म्हणजे शेजारच्या अक्कांच्या घरात चोर शिरला तर धावून जायचा हक्क आपल्याला आहे.

मर्यादा कलम ३७ मध्ये. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ आणि सोय असेल तर हा हक्कच उरत नाही. पुढची सगळी कलमं या कलमाच्या आत राहून वाचायची.

कलम ४१ वर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण "मारला तरी चालतो" ही समजूत तिथून आली आहे. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी हक्क टिकतो अशा चारच परिस्थिती तिथं आहेत. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी. राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग वा स्फोटकानं केलेलं नुकसान. आणि चोरी किंवा गृह-अतिक्रमण, म्हणजे दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरणं, अशा प्रकारे चाललेलं की हक्क वापरला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. जुन्या कायद्यात नुसतं "रात्री" होतं, आता सूर्यास्त-सूर्योदय असं स्पष्ट लिहिलंय. भर दुपारी कुणी ओसरीवरची सायकल नेत असेल तर त्याला अडवा, ढकला, धरा. कलम ४२ तेवढं देतं. जीव घेण्याइतकं देत नाही.

मागच्या ओळीतल्या एका पोरानं विचारलं, "मग रात्री दार फोडून आला तर?" तर हक्क मोठा आहे. पण कलम ३७ तिथंही लागू आहे. तो कटावणी घेऊन अंगावर आला तर हातात येईल त्यानं मारा. बॅटरीचा उजेड पाहून भिंतीकडे पळाला तर मागून डोक्यात लोखंडी पाइप घालायचा हक्क नाही. घरफोडीत हा हक्क तो घरात आहे तोवर टिकतो, हे कलम ४३ मध्ये शब्दांत आहे. चोरीत तो माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत हाती येईपर्यंत. त्यापुढचं काम पोलिसांचं.

न्यायालय घरात उभ्या असलेल्या माणसाची बाजू समजून घेतं, हेही आग्रहानं सांगितलं. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची दहा सूत्रं एकत्र मांडली. धोका वाटण्याला रास्त कारण असलं की पुरे, इजा प्रत्यक्ष व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि हल्ला अंगावर आलेल्या माणसानं एकेक पायरी मोजून प्रतिकार करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण त्याला ते सरकारी पक्षाइतकं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, तसंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे इतकं दाखवलं तरी चालतं.

चोर हाती लागला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४०. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर झाला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो. पण विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरून बसवा, पाणी द्या, ११२ ला फोन करा. खांबाला बांधून मारहाण सुरू झाली की आपण फिर्यादी राहत नाही, आरोपी होतो.

शेवटी एकजण शहरातल्या एका वस्तीचं नाव घेऊन म्हणाला, "तिकडचीच माणसं असतात ही." मी त्यांना तिथंच थांबवलं. सोलापूरच्या माणसानं तरी हे बोलू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच चोर ठरवलं आणि आपल्याच गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, त्या भागाला आजही सगळे सेटलमेंटच म्हणतात. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार केलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोट भरायला गेलेली आपल्या जिल्ह्यातली माणसं. हे बोलताना माझा आवाज चढला. पण ते गृहस्थ नंतर थांबले आणि उद्या त्यांचं दार बघायला या म्हणाले.

२० एप्रिल, रविवार

२३ घरं झाली. नऊ घरांत आरपार बोल्ट बसले, अक्कांच्या घरी सगळ्यात आधी.

आजची मोठी गोष्ट वेगळीच. गल्लीच्या टोकाला एका काकांनी मागच्या भिंतीवर उघडी तार ओढून ठेवलेली. मीटरवरून जोडणी काढायची तयारी होती. रात्री अकराला चालू, पहाटे पाचला बंद. म्हणाले, "माझी भिंत, माझी तार, माझं लाइटबिल."

मी त्यांना चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा खटला सांगितला. सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल. शेजारच्या घराच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून त्या घरातली माणसं आरोपीच्या संडासात जायला लागली. आरोपीला ते नको होतं. त्यानं वाटेत उघडी तार टाकून तीत वीज सोडली. इशारा देणारी पाटी नाही, काही नाही. एक बाई संडासाला गेली, बाहेर येताना तारेला हात लागला, थोड्याच वेळात मेली. आरोपीनं खासगी बचावाचा हक्क सांगितला. न्यायालयानं तो मानला नाही. परवानगीशिवाय आलेला माणूस म्हणजे कुणीही मारावं असा जीव नव्हे, आणि त्याच्यासाठी मरणाचा सापळा लावून ठेवायचा अधिकार घरमालकाला नाही, असं ठरलं. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली. आजच्या संहितेत ते कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद.

काका ऐकत होते, पण पटत नव्हतं. मग मी भिंतीपलीकडे कोण कोण येतं ते त्यांच्याकडूनच वदवून घेतलं. चेंडू आणायला पोरं. कबुतरं उडवणारा त्यांचाच पुतण्या. टाकीची गळती बघायला प्लंबर. सुनेच्या वाळत घातलेल्या साड्या उडून तिकडेच पडतात. साडीपाशी आल्यावर काका थांबले. आम्ही असतानाच त्यांनी शिडी लावली आणि तार उतरवली. भिंतीवर काचा रोवायचं म्हणताहेत. काच उजेडात दिसते, चढणारा ती पाहून थांबतो. तारेतली वीज कुणाला दिसत नाही.

याच फेरीत दोन घरांत तलवारी निघाल्या. एक ऑनलाइन मागवलेली, "घराच्या सुरक्षेसाठी". पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि घरकाम, शेती, उद्योग असला काही उपयोग नसेल तर शस्त्र नियम २०१६ त्याला शस्त्रांत धरतात. ती उशाशी ठेवून झोप येत असेल, पण पोलिसांना सापडली तर पहिला गुन्हा घरमालकावर. शिवाय झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातातली तलवार चोराच्या हातात जायला वेळ लागत नाही. अंधारात लांब दांड्याची बॅटरी जास्त कामाची.

२७ एप्रिल, रविवार

पाण्याची रात्र. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ते रात्री दोनला येईल की पहाटे चारला याचा नेम नाही. पाणी आलं की अख्खी गल्ली उठते. मोटारी सुरू, पाइप दारातून आत, पुढचं दार सताड उघडं आणि घरातली सगळी माणसं मागे हौदापाशी. मोटारीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

गुरुवारी रात्री अडीचला आमच्या ओळीतल्या तिसऱ्या घरातून पुढच्या खोलीतला मोबाइल आणि पाकीट गेलं. घरात सात माणसं जागी होती.

यावर मामांनी मस्त तोड काढली. पुढच्या ग्रिलच्या दाराला खालच्या कोपऱ्यात चार इंची कडं वेल्ड केलं, पाइप त्यातून आत. ग्रिल कुलूपबंद, लाकडी दार उघडं, पाणी चालू. एका कड्याला दीडशे रुपये पडले. आठवड्यात चौदा घरांनी करून घेतलं. एवढ्या दिवसांत सगळ्यात पटकन पटलेली गोष्ट हीच.

४ मे, रविवार

गच्चीवर झोपणं सुरू झालंय. दिवसा चाळिशी पार, पत्र्याची घरं भट्टीसारखी. खालच्या दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली उशीखाली घेऊन सगळे वर. आमच्याकडची बरीच उन्हाळी घरफोडी अशीच होते. माणसं वर घोरत असतात आणि खाली कपाट उघडलेलं असतं. जिन्याच्या तोंडाचं दार सगळ्यांनी पक्कं करून घ्यायचं ठरलं. एकानं तरी खाली झोपायचं, आतून कडी लावून.

इथं माझ्या घरातली गोष्ट लिहिते. दोन वर्षांपूर्वी भाऊ पुण्याहून न सांगता आला. रात्रीचे तीन. आम्हाला उठवायला नको म्हणून गेटवरून उडी मारून जिन्यानं वर यायला लागला. आबा जागे झाले. त्यांनी दाराचा सागवानी अडसर उचलला, तीन फुटी, आणि जिन्याच्या वळणावर उभे राहिले. मी जागी झाले ती अडसर भिंतीवर आदळल्याच्या आवाजानं. भावाच्या कानापासून चार बोटांवर भिंतीचा गिलावा उडाला होता. ते भगदाड आम्ही अजून बुजवलेलं नाही. आबा त्यानंतर तीन दिवस नीट जेवले नाहीत.

कायद्यात नेमका हाच प्रसंग आहे, कलम ३६ च्या उदाहरणात. एकजण रात्री अशा घरात शिरतो जिथं शिरायचा त्याला हक्क आहे. दुसरा त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून हल्ला करतो. हल्ला करणाऱ्याचा अपराध होत नाही. पण शिरलेल्याला त्याच्याविरुद्ध बचावाचा पूर्ण हक्क आहे. म्हणजे बाप आणि लेक अंधारात एकमेकांवर चालून आले तर कायद्यानं दोघंही निर्दोष, आणि एकजण मेलेला.

म्हणून कागदावर पहिली ओळ ही : आधी दिवा लावा, मोठ्यानं "कोण?" विचारा, नाव ऐका. आणि उशिरा येणाऱ्यानं गेटवरूनच हाक द्यायची, कितीही वाजलेले असोत.

१९ मे, सोमवार

काल पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. आमच्या गल्लीतले निम्मे लोक एमआयडीसीत कामाला. काल दिवसभर कुणी कामाचं बोललं नाही. आज रात्री मामा स्वतः आले आणि म्हणाले, "ताई, आपण सगळी घरं बंद करतोय. बाहेर पडायचं कुठून?"

वही उघडून बसलो. ३१ घरांत खिडक्यांना पूर्ण ग्रिल, चौकटीत पक्कं गाडलेलं. त्यातल्या १९ घरांना मागचं दार नाही. पुढच्या खोलीत आग लागली, सिलिंडर पेटला, तर आतल्या माणसाला वाट नाही. चोराच्या भीतीनं आपण घराचा पिंजरा केला. गेल्या सहा आठवड्यांत मीही तेच करत होते, हे मला दिसलं नव्हतं.

कामाची यादी बदलली. प्रत्येक घरात एका खिडकीच्या ग्रिलला दोन फूट बाय दोन फुटांचं उघडणारं दार. बिजागरी आतून, कुलूप आतून, किल्ली खिळ्याला टांगलेली. खिळा असा की आतल्या लहान पोराचा हात पोचेल, पण खिडकीतून बाहेरून घातलेल्या हाताला लागणार नाही. रात्री झोपताना ग्रिलचं कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवायची नाही. मामांनी हिशेब केला, एका दाराला साधारण अकराशे रुपये. ज्यांना जमणार नाही अशा सात घरांसाठी वर्गणी काढायची.

पावसाळ्याआधी संपवायचं होतं, ते आता होत नाही. होऊ दे.

१ जून, रविवार

मे संपायच्या आतच पाऊस लागला, गच्चीवरची अंथरुणं खाली आली. ग्रिलची १२ दारं बसली.

भोंगा आला. बारा व्होल्टचा सायरन, बॅटरीवर चालणारा, म्हणजे लाइट गेली तरी वाजेल. देवळाच्या शिखराखाली बसवला, चार घरांत बटण. म्हाताऱ्या माणसांनी त्याला पहिल्या दिवसापासून भोंगाच म्हटलं. या भागातल्या माणसांचं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर चाललेलं. आबा म्हणाले, भोंगा झाला की घड्याळ बघायची गरज नसायची.

रात्री दहा ते सकाळी सहा मोठा आवाज करायला बंदी आहे, मग भोंगा चालेल का, असा प्रश्न आला. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये सार्वजनिक आणीबाणीला सूट आहे. तरी चाचणी दुपारी चारला घेतली आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घेतली.

भोंगा वाजला की काय करायचं, हे तोंडपाठ करून घेतलं. सगळ्यांनी दिवे लावायचे. बटण दाबणाऱ्या घरानं ११२ लावायचा, पत्ता आणि जवळची खूण सांगायची. बाहेर एकट्यानं यायचं नाही. घरात कुणी शिरलं असेल तर पोरांना घेऊन आतल्या खोलीत, कडी लावून, तिथून ओरडायचं. आणि चोराची पळायची वाट अडवायची नाही. हे शेवटचं पोरांना मुळीच आवडलं नाही. कोंडीत सापडलेला माणूस वार करतो, आणि आपल्याला त्याला पकडण्यापेक्षा तो आपल्या घरातून बाहेर जायला हवाय, इतकंच मी सांगितलं.

१५ जून, रविवार

शुक्रवारी पहाटे पावणेतीनला भोंगा वाजला. खरा.

दोघे होते. कोपऱ्यावरून चौथ्या घराचा कोयंडा उचकटायला बसले. आरपार बोल्ट होता, पट्टी वाकली पण सुटली नाही. आवाजानं आतली ताई जागी झाली. तिनं बटण दाबलं. दोन मिनिटांत गल्लीत दिवसासारखा उजेड. पळताना एकानं ओसरीवरची पिशवी उचलली, तिच्यात तिच्या नवऱ्याचा यंत्रमागाचा पगार होता. पाच-सहा जण मागे धावले. हे कायद्यात बसतं, चोर माल घेऊन निसटलेला नसताना माल परत घ्यायला पाठलाग करता येतो. वळणावर त्यानं पिशवी फेकली. पिशवी हाती आली.

तिथं एका पोरानं दगड उचलला. चोर वीस पावलांवर, पाठ करून पळत होता. नेम चुकला नसता. मावशींचा तो भाचा, तो आता इथंच राहायला आलाय, त्यानं त्याचं मनगट धरलं. काही बोलला नाही, नुसतं धरून ठेवलं. मी हे आमच्या दारातून पाहिलं.

सकाळी बरीच कुरकुर झाली, "हातात आलेला सोडला." ज्याच्या हातात दगड होता तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग समजतो. आपल्या गल्लीत रात्री कुणी असं घुसतं तेव्हा अंग पेटतंच. पण पिशवी परत आली होती, ते पळत होते, आणि तेवढ्यात ११२ ची गाडी वळणावर आलीही.

२२ जून, रविवार

तक्रारीचं. एप्रिलमधल्या मोबाइलच्या चोरीत ठाण्यात "गहाळ झाल्याचा अर्ज द्या" असं सांगून पाठवलं होतं. त्या घरानं तसा अर्ज दिलाही. हे थांबवायला हवं. घरातून वस्तू नेली तर ती चोरीच आहे, कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सूर्यास्तानंतर घर फोडून चोरी केली तर कलम ३३१ च्या पोटकलम ४ खाली चौदा वर्षांपर्यंत. हे दखलपात्र गुन्हे. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच ठरवलंय. कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायचीच. नोंदवलीच नाही तर वरिष्ठांना लेखी, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

शुक्रवारच्या प्रकारात मात्र गुन्हा त्याच दिवशी नोंदला. वाकलेली पट्टी कुणी हाताळली नव्हती, ठसेवाल्यांना ती तशीच मिळाली. ताईनं सगळ्यांना दारापासून लांब ठेवलं होतं, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

दागिन्यांचे फोटो काढून, वजन आणि पावत्यांसकट मोबाइलवर ठेवायचं काम सुरू. फोनचा आयएमईआय क्रमांकही. बायका एकमेकींना मदत करताहेत. १७ घरं झाली.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. सहा घरं पंढरपूरला गेली. बंद घरांची यादी माझ्याकडे आणि मामांकडे, व्हॉट्सॲपवर नाही. रात्री ओसरीचा दिवा लावायचं काम शेजाऱ्यांनी वाटून घेतलं. दारातलं दूध आणि वर्तमानपत्र उचलायचं पोरांकडे.

ग्रिलची २६ दारं झाली, पाच बाकी. कागदाचा तेलुगू मजकूर अक्कांना वाचून दाखवला. कलम ३७ ची ओळ त्यांना समजेना. मी तीन वेळा सांगितली. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे दोंगा गेला की काठी खाली ठेवायची, असंच लिहा की." तसंच लिहिलं. अक्षर मोठं करा म्हणाल्या, चष्म्याशिवाय वाचता यायला हवं. रात्री भोंगा झाल्यावर चष्मा कोण शोधणार. सोमवारी छापायला देते.